शैलाताई, उशा पास झाल्या

शैलाताई, काल तुमची शोकसभा झाली. जेवढे बोलले तेवढ्यांनी तुम्हाला शांत स्वभावाच्या ठरवलं. एकानं तर 'मृदुभाषी' म्हटलं. मी शेवटच्या रांगेत होतो. मला हसू आवरेना, म्हणून खाली वाकून चपलेचा पट्टा सारखा करत बसलो. तुम्ही आणि शांत! वाळूजच्या एका कारखानदाराला त्याच्याच केबिनमध्ये 'तुमच्या नाल्यातलं पाणी एक घोट पिऊन दाखवा, मी लगेच उठते' असं सांगणाऱ्या बाईला मृदुभाषी म्हणायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं. हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" मला सांगता येईना.

खरंच, मी तुमचा कोण? ना भाऊ, ना भाचा. स्मशानात तुमच्या यजमानांनी, आमच्या काकांनी, पाहुण्यांना माझी ओळख 'हा मल्हारी, हिच्या कामातला' अशी करून दिली. बरोबरच आहे ते. पण कामातल्या माणसानं किती रडावं, कुठं उभं राहावं, याची काही रीत नाही हो. तुमचा भाचा काकांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडत होता आणि मला त्याचा राग येत होता. गेल्या चार वर्षांत तुम्ही त्याच्याशी जेवढं बोलला असाल, तेवढं माझ्याशी एका दुपारी भांडायच्या.

तुमचं काम लोकांना नीट समजलंच नाही. काल एकजण म्हणाले, बाई पर्यावरणासाठी झाडं लावायच्या. तुम्ही एकही झाड लावल्याचं मला आठवत नाही. ऑफिसातला मनीप्लांटसुद्धा तुमच्या हातून वाळला. तुम्ही मोठ्या कंपनीच्या परचेसमध्ये, खरेदी खात्यात, जन्म घालवला, नोकरी सोडली आणि औरंगपुऱ्यात भांड्याच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली. धूर, घाण, सांडपाणी कमी करणारं काहीतरी नवीन ज्यानं बनवलंय, पण ज्याला ते विकता येत नाही, अशा आमच्यासारख्या छोट्या शेडवाल्यांसाठी. कुणी भट्टीचा धूर ओढणारं छत्र बनवलेलं, कुणी कापसाच्या पऱ्हाटीच्या जळणाला कांड्या करायचं यंत्र. "बनवता तुम्हाला सगळं येतं," तुम्ही म्हणायच्या, "विकायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. मला मात्र नाही म्हणायच्या सगळ्या तऱ्हा पाठ आहेत, कारण आयुष्यभर मीच सगळ्यांना नाही म्हणत आले."

माझ्या शेडमध्ये तुम्ही पहिल्यांदा आलात ते नाक दाबून. लेथवर लोखंड कापताना त्यावर ते दुधी पाणी सोडतात ना, कूलंट, ते माझ्या टाकीत सडलं होतं. मशीनचं तेल त्यावर साय धरतं, खालचं पाणी कुजतं, मग सगळं नाल्यात. सगळेच ओतायचे. तुम्ही विचारलंत, "हे कुठं जातं?" आणि आम्ही सगळे नाल्याकडं न बघता छताकडं बघायला लागलो. तेवढ्यात मी हात पुसायला घोंगडीचा तुकडा उचलला. जुन्या घोंगडीनं तेल चांगलं निघतं, मायनं लहानपणापासून लावलेली सवय. तुम्ही तो तुकडा माझ्या हातातून हिसकावून घेतलात आणि टाकीवर टाकलात. वरची साय घोंगडीनं ओढून घेतली, आणि खाली पाणी दुधासारखं दिसायला लागलं. शेजारच्या शेडचे सलीमभाई बघत होते. म्हणाले, "क्या मल्हारीभाई, अब बकरे धुलाते क्या मशीन में?" सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. तुम्ही विचारलंत, "अशी लोकर किती मिळेल?"

किती मिळेल? ताई, आमच्या लोकांकडं लोकर सोडून दुसरं काही उरलंच नव्हतं. घोंगड्या घेणारं कुणी राहिलं नाही. आमच्या मेंढरांची लोकर जाडीभरडी, गिरणीवाले तिला हात लावत नाहीत. गंगापूरकडच्या शिवारात आमचे चुलते मेंढरं कातरायचे आणि लोकर बाभळीखाली टाकून पुढं जायचे. तीच लोकर आपण कांद्याच्या गोणीसारख्या जाळीत भरली, तळहातापेक्षा थोड्या मोठ्या उशा शिवल्या, आणि टाकीत सोडल्या. तेल प्यायली की उशी काढायची, पिळायची, परत सोडायची. टाकीतलं पाणी महिनोन्‌महिने टिकायला लागलं. मला वाटलं, झालं. तुम्ही म्हणालात, "आता कुठं सुरुवात. आता हे विकायचं."

तेव्हापासून तुमच्या पर्समध्ये कूलंटची बरणी. लग्नात, बारशात, बँकेत. गुलमंडीवर तुमच्या पुतणीसाठी साडी घ्यायला गेलो होतो तो दिवस आठवतो का? म्हणजे साडी तुम्ही घेत होतात, मी पिशव्या धरून उभा. दुकानदार बोलता बोलता बोलून गेला की त्याच्या मेव्हण्याची वाळूजला शेड आहे. झालं! तुम्ही पैठणीची घडी बाजूला सारली आणि पांढऱ्याशुभ्र गादीवर बरणी ठेवली. तो बिचारा ओरडला, "ओ बाई, गादी! गादी!" तुम्ही म्हणालात, "म्हणून तर इथं दाखवते. एक थेंब सांडला तर सगळी गादी धुऊन देते." थेंब सांडला नाही. साडी घ्यायची राहून गेली, पुतणी रुसली, आणि मेव्हणा आपलं पहिलं गिऱ्हाईक झाला. पुतणी काल सभेत बसली होती. तिनं हेच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण ती रडत होती, बोलली नाही.

आणि ती सगळ्यात मोठी फजिती. वीसेक मशीनच्या एका वर्कशॉपनं ट्रायल मागितली. पोत्यातली लोकर पुरेना, म्हणून मी गावाकडं निरोप धाडला की कंपनीला जायची लोकर पाठवा. कंपनीला जायची, एवढाच शब्द. मायनं आणि दोन्ही चुलत्यांनी तो असा काही मनावर घेतला की लोकर नदीवर नेली, सोडा घातला, रिठा घातला, चोळ चोळ चोळली. आली ती कापसासारखी. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू. मालक, फोरमन, पोरं, सगळे टाकीभोवती वाकून बघत होते, आणि आपल्या उशा एकेक करून पाणी पिऊन तळाशी गेल्या. तेल वर तसंच. मी टाकीत हात घालून त्या शोधायला लागलो. तुम्ही मात्र मालकाकडं बघून म्हणालात, "आज झोपल्यात. पुढच्या आठवड्यात उठवून आणते." आणि परत येताना छावणी येईपर्यंत स्कूटीवर एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर थेट मेंढरांच्या तळावर. माय आधी तर उभीच राहू देईना.

"कंपनीत जायची लोकर, मंग घाणीची देऊ व्हय? लेक सासरी धाडताना आंघोळ नाय घालत का आपण?"

तुम्ही तिच्या घोंगडीवर मांडी घालून बसलात. म्हणालात, "माय, या घोंगडीवर पाणी टाकलं तर काय होतं?"

"काय हुतंय? वघळून जातंय."

"आणि या धुतलेल्या लोकरीवर टाका बरं."

मायनं तांब्यातलं पाणी टाकलं. ते सगळं आत मुरलं. तिनं तो ओला गोळा पिळून बघितला. मेंढराच्या अंगची तेलकट चिकटी सोड्यानं निघून गेली होती, आणि पाणी बाहेर ठेवणारी तीच होती. मग माय म्हणाली, "म्हंजी मेंढराचा मळ बी कामाचा हाय तर." आणि लगेच चिडली, "आधी सांगायचं व्हतं की! हात सोलले आमचे." तुम्ही तिचे हात हातात घेतलेत. सोड्यानं खरंच सोलले होते.  कुणाशी भांडायचं आणि कुणाचे हात धरायचे, हे तुम्हाला बरोबर समजायचं.

त्याच दिवशी भाकरी खाताना मायनं तुम्हाला मेंढरं बसवण्याची गोष्ट सांगितली. शेतकरी आमची मेंढरं रात्री रानात बसवून घेतो, रानाला खत होतं, तो आम्हाला धान्य देतो, सकाळी मेंढरं पुढच्या रानात. तुम्ही विचारलंत, "मेंढरं तो विकत घेत नाही?" माय हसली, "इकत घिऊन तो काय करील? मेंढरं आमचीच. बसल्याचं देतो." परतीच्या रस्त्यावर तुम्ही स्कूटी मध्येच थांबवलीत. मागून ट्रक हॉर्न मारतोय आणि तुम्ही मागं वळून मला सांगताय, "मल्हारी, उशा विकायच्याच नाहीत. बसवायच्या!" तसंच झालं. त्या वर्कशॉपमध्ये न धुतलेल्या उशा तरंगल्या, आणि तिथूनच बसवणं सुरू झालं. आपण टाकीत उशा बसवायच्या, आठवड्यानं आपणच जाऊन बदलायच्या, तेल पिळून टाकाऊ तेल घ्यायचा परवाना असलेल्यांकडं पाठवायचं. म्हणजे तेलकट लोकर नाल्यात फेकायचा कुणाला प्रश्नच नाही. मोठमोठ्या पुस्तकांत याला काहीतरी मोठं नाव असेल. आपण त्याला बसवणं म्हणत राहिलो.

पण आपलं एक भांडण मिटलं नाही, ताई. उशीवर 'लोकर' लिहायचं की नाही. मला ती निळ्या कापडात शिवायची होती, वर इंग्रजी नाव. तुम्ही म्हणायच्या, निळी केलीस म्हणून ओली झाल्यावर मेंढराचा वास यायचा थांबणार आहे का? तुम्ही विचारलंत, "तुला लाज कसली वाटते?" मला लागलं ते. मी म्हणालो, "तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला शाळेत कुणी मेंढरू म्हणून हाक मारली नाही." तुम्ही हातातली उशी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "बरं, नाही कळत मला. मग तूच सांग ना लोकांना. मी सांगितलं की लोक कौतुक करतात. तू सांगितलंस तर धंदा होईल." मी म्हणायचो, मी बनवतो, तुम्ही बोला. तुम्ही म्हणायच्या, असं कायमचं नाही चालायचं. आणि मग चहा यायचा, आणि विषय तिथंच राहायचा.

वाळूजच्या एका मोठ्या कारखान्याच्या मागं तुम्ही वर्षभर होतात. गुरुवारची मीटिंग ठरली तेव्हा तुम्ही मला पेढा दिलात, अजून काही झालं नसताना. सोमवारी ऑफिसात आपलं तेच. "गुरुवारी तू बोल, मी शेजारी बसते." "नाही ताई, तुम्ही." "तू." "तुम्ही." तुम्ही हेल्मेट उचललंत आणि म्हणालात, "बघू." एवढंच. मंगळवारी सकाळी दोरीवर कपडे वाळत घालता घालता तुम्ही खाली बसलात, असं काका सांगतात. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या 'बघू'चं मी काय करू, सांगा ना. तुम्ही हो म्हणाला असतात तर मी सुटलो असतो. नाही म्हणाला असतात तर चिडलो तरी असतो.

मायला सांगितलं तेव्हा ती तळावरच होती. कातरणी नुकतीच झालेली. तुमच्या शब्दावर यंदा कुणीच लोकर बाभळीखाली टाकली नाही, पोती भरून ठेवलीत, चुलत्यांनी आणि त्यांच्या व्याह्यांनीसुद्धा. माय पदर तोंडाला लावून बसली. मग म्हणाली, "बाईला सांगायचं ऱ्हायलं रं. यंदा नाय धुतली म्हून." आणि थोड्या वेळानं, "आता ह्या पोत्यांचं कसं?"  मोठा कारखाना हो म्हणाला तर ती पोती कामाला लागणार, नाहीतर परत बाभळीखाली. हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

तर गुरुवारी मी गेलो. का गेलो विचाराल. तारीख पुढं ढकला म्हणून सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि मायला सांगितल्यावर ते शब्द परत माझ्या तोंडून निघत नव्हते. वाळूजला गेटवर सिक्युरिटीवाल्यानं दोन पास तयार ठेवले होते. एकावर तुमचं नाव. मी दोन्ही घेतले. आत परचेसचे साहेब, प्लांटचे दोघं, टेबलावर पाण्याचे ग्लास. साहेबांनी माझ्या मागं दाराकडं बघितलं.

"मॅडम?"

मी म्हणालो, "येतायत."

ताई, मी हे असं म्हणालो. काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि मग परत घेता येईना. साहेब म्हणाले, बसा, थांबू थोडं. आम्ही सगळे तुमची वाट बघत बसलो. प्लांटवाले क्रिकेटचं बोलायला लागले. साहेब म्हणाले, छावणीत ट्रॅफिक असेल. मी म्हणालो, असेल. आणि खरं सांगतो, त्या वेळात दोनदा लिफ्टचा आवाज आला आणि दोन्ही वेळा मला वाटलं तुम्हीच. शेवटी साहेब म्हणाले, "चला, तुम्ही सुरू करा. त्या येतील तोवर."

मग मी बरणी उघडली. झाकण घट्ट बसलं होतं, हिसडा दिला तसं तेल टेबलावर सांडलं. त्यांच्या त्या चकचकीत टेबलावर, ताई, तुमच्या हातून गुलमंडीच्या गादीवर थेंब पडला नव्हता! मी घाबरून उशीच त्यावर दाबली. उशीनं सगळं ओढून घेतलं, टेबल कोरडं. प्लांटवाले खुर्चीतून पुढं वाकले. एकानं विचारलं, "आत काय आहे हे?" मी म्हणालो, "लोकर. आमच्या मेंढरांची." आणि मग थांबताच येईना. माय, सोडा, नदी, बुडालेल्या उशा, सगळं सांगितलं. ते हसले, पण सलीमभाईंच्या बोलण्यावर माझ्या शेडमध्ये हसले होते तसे नाही. साहेबांनी विचारलं, वास येतो का? मी म्हणालो, येतो, ओली झाल्यावर येतो. तुम्ही शेजारी असतात तर टेबलाखालून मला लाथ मारली असती. की नसती मारली? कळायला मार्ग नाही.

एका लाइनवर उशा बसवायला ते तयार झाले. सगळं ठरल्यावर साहेब उठता उठता म्हणाले, "पुढचं मॅडमच बघतील ना? त्यांच्या शब्दावर एवढं ऐकून घेतलं आम्ही. काही अडलं तर आम्ही त्यांनाच फोन करणार." मी म्हणालो, "हो."

गेटबाहेर येऊन मी शिफ्टच्या बसच्या आडोशाला उभा राहिलो आणि खिशातला तुमचा पास काढून वाचत राहिलो. आनंद व्हायला हवा होता. मी मेलेल्या माणसाच्या शब्दावर काम मिळवलं होतं, आणि ज्या माणसाला ते सांगायचं तेच माणूस मेलेलं. चार दिवस कुणाला बोललो नाही. घरात बायकोनं विचारलं काय झालं मीटिंगचं, मी जेवायचं ताट सरकवून उठलो. काल सभेत उभं राहून सांगावं वाटलं की बाईंच्या उशा पास झाल्या. सूत्रसंचालकानं विचारलंही, आणखी कुणाला बोलायचंय का. मी चपलेचाच पट्टा धरून बसलो.

आज सकाळी मात्र साहेबांना फोन लावला. परवापासून उशा बसवायच्या आहेत, आणि त्यांनी तुमचा नंबर फिरवायचा आणि काकांनी उचलायचा, हे मला सहन झालं नसतं. मी सरळ सांगितलं, "साहेब, ताई गेल्या."

ते म्हणाले, "कुठं?"

मग कळलं त्यांना.  त्यांनी विचारलं, "कधी?" मी सांगितलं, मंगळवारी. "म्हणजे गुरुवारी तुम्ही..." मी म्हणालो, "हो साहेब." मला वाटलं आता फोन ठेवतील, काम रद्द, पोती बाभळीखाली. पलीकडून नुसता मशीनचा आवाज येत होता. शेवटी ते म्हणाले, "मी त्यांना ओळखत होतो हो. परचेसमध्ये आम्हाला नाही म्हणायला त्यांनीच शिकवलं." आणि मग कामाच्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. उशा बसवा. पण मग आता अडलं तर आम्ही फोन कुणाला करायचा?"

"मला करा," मी म्हणालो.

त्यांनी नंबर लिहून घेतला, नाव लिहून घेतलं, बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मी शेडमध्ये तसाच उभा राहिलो, ताई. मला अडलं तर मी कुणाला करायचा, ते त्यांनी विचारलं नाही.